लेकीच्या इंजिनिअरिंगला लॅपटॉप घेताना 'आय ७' आधी बाजूला ठेवा

कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलंय. मुलीला कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालं, ती हॉस्टेलवर राहणार, लॅपटॉपसाठी ५५ हजार बाजूला काढलेत. ओळखीच्या दुकानदाराने ५२ हजारांत 'आय ७' दाखवलाय, त्याच्या पेटीवरच्या चिठ्ठीचा फोटो त्यांनी जोडलाय. पुण्यात नोकरी करणारा पुतण्या म्हणतो, ६८ हजारांचा गेमिंग लॅपटॉप घ्या, चार वर्षं बघायला नको. मुलीच्या दोन मैत्रिणी अ‍ॅपलचं मॅकबुक घेतायत. "मला यातलं काही कळत नाही. चार वर्षं टिकेल असं सांगा," एवढंच त्यांचं मागणं आहे.

दादा, मी सतरा वर्षं सांगलीत लॅपटॉप दुरुस्त करतोय. विकत नाही, फक्त दुरुस्त करतो, म्हणजे तुम्ही अमुक कंपनीचा घेतला काय आणि तमुक कंपनीचा घेतला काय, माझ्या पदरात काही पडत नाही. माझ्या टेबलावर मशीन येतं ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, उघडं पडलेलं. दुकानात चकचकीत दिसणाऱ्या कुठल्या गोष्टीचं पुढे काय होतं ते मला तिथे दिसतं. त्याच्यावरून सांगतो.

पहिली गोष्ट पैशाची. ५५ हजार आहेत म्हणून ५५ चं मशीन घेऊ नका. ४८ च्या आसपास थांबा आणि सात हजार मुलीच्या खात्यावर वेगळे ठेवा. चार वर्षांत एक बॅटरी, एक चार्जर आणि एखादी दुरुस्ती लागतेच लागते. ज्या घरांनी सगळे पैसे पहिल्याच दिवशी संपवले, त्यांची पोरं तिसऱ्या वर्षी सुजलेली बॅटरी घेऊन माझ्याकडे येतात आणि "काका, पुढच्या महिन्यात बदलतो" म्हणून तशीच परत नेतात. फुगलेली बॅटरी आगीला कारण होऊ शकते. त्या पोरांना मी तसं पाठवताना माझा जीव वर-खाली होतो.

आता फोटोतली चिठ्ठी वाचू. तिच्यावर लिहिलंय आय ७-१२५५यू, ८ जीबी, ५१२ जीबी एसएसडी. पहिला प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू; ८ जीबी ही रॅम; आणि एसएसडी ही फाइली साठवायची डिस्क. दुकानदार यातला 'आय ७' एवढाच दाखवतो. तुम्ही त्याच्या पुढचे आकडे आणि शेवटचं अक्षर बघायचं. पुढचे '१२' म्हणजे बारावी पिढी, हा प्रोसेसर २०२२ सालचा आहे. शेवटचं 'यू' म्हणजे कमी विजेवर चालणारा, १५ वॅटच्या वर्गातला. याच्या पोटात दोन मोठे कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि आठ छोटे कोअर असतात. आणि याच पिढीचा आय ५-१२३५यू घेतला तर? त्यातही दोन मोठे, आठ छोटे. कॅशे, म्हणजे प्रोसेसरची स्वतःची छोटी मेमरी, तेवढीच. फरक फक्त वेगाच्या वरच्या टोकाला, ४.७ आणि ४.४ गिगाहर्ट्झचा. तुमच्या मुलीला तो हाताला जाणवणार नाही. म्हणजे '७' या आकड्यासाठी जे चार-पाच हजार जास्त लावलेत, ते स्टिकरचे आहेत.

याच्या उलट, शेवटी 'एच' असलेले प्रोसेसर ४५ वॅटच्या वर्गात येतात. उदाहरणार्थ आय ५-१३४२०एच. नाव आय ५, पण यात मोठे कोअर चार आहेत. प्रोग्राम कंपाइल करायला, म्हणजे लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करायला, दहा-पंधरा मिनिटं सलग भार पेलायला हा त्या 'आय ७'पेक्षा बळकट पडतो. बॅटरी जरा जास्त खातो, हे खरं. पण दोन्ही समोर ठेवले आणि भाव सारखा असला तर मी माझ्या भाचीसाठी 'एच'वाला घेईन, आणि घेतलाही.

नावांचा गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. इंटेलने आता 'आय' काढून नुसतं 'कोअर ५', 'कोअर ७' आणि 'कोअर अल्ट्रा' अशी नावं आणलीत. नाव नवीन म्हणजे आतलं नवीनच, असं प्रत्येक वेळी नसतं. कोअर ५ १२०यू हे जुन्याच पिढीचं थोडं सुधारलेलं रूप आहे. एएमडी कंपनीचा रायझेन प्रोसेसर घेणार असाल तर एक खूण लक्षात ठेवा, ती फार कमी दुकानदार सांगतात. ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा बघायचा. ७५२० मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे आतली रचना झेन २, ती २०१९ सालची. ७५३० मध्ये तिसरा ३, म्हणजे झेन ३. ७६४० मध्ये तिसरा ४, म्हणजे झेन ४. रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५३०यू ही नावं कानाला सारखी वाटतात, पण पहिल्यात चार कोअर आहेत आणि दुसऱ्यात सहा. शिवाय पहिल्याची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली येते, ती पुढे वाढवता येत नाही. स्वस्तातले कितीतरी लॅपटॉप नेमके याच ७५२० वर उभे आहेत.

रॅमवर जरा जास्त बोलतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या "काका, हँग होतोय" यातली निम्मी-अधिक प्रकरणं रॅमची असतात. बागेत औषध मारायला ब्लोअर घेता तेव्हा तुम्ही नुसता पंखा बघत नाही, टाकी बघता. टाकी छोटी असली तर ब्लोअर कितीही ताकदीचा असू दे, दोन ओळी झाल्या की ट्रॅक्टर परत पाण्याला. लॅपटॉपची रॅम ही ती टाकी आहे. ८ जीबीतली साडेतीन-चार जीबी विंडोज ११ नुसतं सुरू होऊन बसायलाच घेतं. ग्राफिक्स कार्ड वेगळं नसेल तर थोडी रॅम तिकडेही जाते. उरलेल्या तीन-साडेतीन जीबीत मुलीचा ब्राउझर, त्यात वीस टॅब, कोड लिहायचा एडिटर, डेटाबेस. तिसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ आलं की ८ जीबीचा लॅपटॉप गुडघे टेकतो. रॅम भरली की विंडोज तो पसारा एसएसडीवर नेऊन ठेवतं, लागला की परत आणतं. तेच ते, ट्रॅक्टर पाण्याला.

म्हणून १६ जीबी. पूर्वी मी सांगायचो की ८ घ्या आणि वर्षभराने आणखी ८ टाका, स्वस्त पडतं. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले, तेव्हापासून तो सल्ला मी मागे घेतलाय. आता मशीनबरोबर १६ मिळत असेल तर तिथेच घ्या. अगदीच बजेटबाहेर गेलं तर ८ चा चालेल, पण एका अटीवर, की आत रॅम बसवायचा एक स्लॉट, म्हणजे खाच, रिकामा हवा.

तो स्लॉट दुकानदाराच्या तोंडी शब्दावर मानू नका. दुकानात डेमोचा पीस चालू असतो. त्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक केलं की खाली 'स्लॉट्स यूज्ड' अशी ओळ दिसते. '१ ऑफ २' असेल तर एक स्लॉट मोकळा आहे. त्याच्याच खाली 'फॉर्म फॅक्टर' असतो. तिथे 'रो ऑफ चिप्स' असं आलं तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे. पेटीवर 'एलपीडीडीआर' असं लिहिलं असेल तरी तोच अर्थ. सोल्डर केलेली १६ असेल तर हरकत नाही, चार वर्षं निभावतील. सोल्डर केलेली ८ आणि स्लॉट नाही, असा लॅपटॉप कॉम्प्युटरच्या मुलीला कुणी फुकट दिला तरच घ्या.

स्टोरेजबद्दल एवढंच: ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी पुरते, पुढे बदलताही येते. 'ईएमएमसी' (बोर्डावरच बसवलेली संथ साठवण) लिहिलेलं काही दिसलं तर पुढचं बोलूच नका.

आता पुतण्याचं गेमिंग लॅपटॉपचं. त्याचा हेतू चांगला आहे आणि मशीनही वाईट नाही, पण ते तुमच्या मुलीसाठी नाही. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला होता, मिरजेहून. वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून ७२ हजारांचा गेमिंग लॅपटॉप दिलेला. सव्वादोन किलोचं मशीन, वर अर्धा किलोचा अ‍ॅडाप्टर. बॅटरी वर्गात अडीच तासांत संपायची आणि लेक्चर हॉलमध्ये प्लग दोनच. पंखा असा घोंघावायचा की सर वळून बघायचे. महिनाभरात त्याने ते कॉलेजला न्यायचं बंद केलं, खोलीवर ठेवलं आणि प्रॅक्टिकलचे कोड मोबाइलवर वाचायला लागला. माझ्याकडे आणला तो पंख्यात धूळ बसून गरम होत होता म्हणून. तेव्हा तो म्हणाला, "काका, हलका असता तर मी रोज नेला असता." ते वाक्य मी विसरलेलो नाही.

वेगळं ग्राफिक्स कार्ड कुणाला लागतं? मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स, अ‍ॅन्सिस चालवायचं असतं. सिव्हिलला रेविट. आर्किटेक्चरला रेंडरिंग. तिथे मी स्वतः आरटीएक्स ३०५० या ग्राफिक्स कार्डाच्या पुढचं काहीतरी घ्या म्हणून सांगतो, आणि वजन सोसा म्हणतो. कॉम्प्युटरच्या मुलांना मशीन लर्निंगसाठी जे ग्राफिक्स कार्ड लागतं, ते गुगल कोलॅबवर ब्राउझरमधून काही मर्यादेपर्यंत फुकट वापरता येतं, आणि शिकण्यापुरतं ते पुरतं. म्हणूनच एक गोष्ट विचारतो: तुम्ही सीट फ्रीझ, म्हणजे पक्की केलीय, की पुढच्या फेरीत याहून चांगली मिळेल म्हणून बेटरमेंटला ठेवलीय? बेटरमेंटला असेल तर शेवटची फेरी होईपर्यंत लॅपटॉप घेऊ नका. शाखा बदलली की मशीनही बदलतं.

मॅकबुक एअर हे फार चांगलं मशीन आहे. बॅटरी दिवसभर पुरते, पंखाच नाही, वजन सव्वा किलो. विद्यार्थ्यांना सवलतही मिळते. पण तुमच्या बजेटात नवीन बसत नाही, आणि बसवायला कर्ज काढा असं मी सांगणार नाही. त्यात रॅमही सोल्डर, एसएसडीही सोल्डर, आणि पडदा फुटला तर त्या खर्चात दुसरा जुना लॅपटॉप येतो. अभ्यासाचीही एक अडचण आहे. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये दुसऱ्या वर्षाला मायक्रोप्रोसेसरची लॅब होती, त्यात इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी असेम्ब्लीचे, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेजवळचे, प्रोग्राम लिहायचे असत. अ‍ॅपलची हल्लीची चिप वेगळ्या जातीची, ते प्रोग्राम तिच्यावर सरळ चालत नाहीत, आडवाटेने चालवावे लागतात. हीच अडचण स्नॅपड्रॅगन चिपच्या विंडोज लॅपटॉपलाही येऊ शकते. त्यांची बॅटरी उत्तम असते, पण काही सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर त्यांच्यावर चालत नाहीत. तुमच्या मुलीसाठी सध्या इंटेल किंवा एएमडीच बरं.

आता जे पेटीवर कुठेच लिहिलेलं नसतं ते. बिजागरी. गेल्या पावसाळ्यात एका आठवड्यात माझ्याकडे अकरा लॅपटॉप बिजागरीचे आले. उघडून दाखवतो तुम्हाला: लोखंडी बिजागरीचे स्क्रू जातात पितळेच्या बारीक नटांमध्ये, आणि ते नट बसवलेले असतात प्लॅस्टिकच्या खुंट्यांत. खुंटी हरभऱ्याच्या दाण्याएवढी. मुलं पडदा एका कोपऱ्याला धरून उघडतात, सगळा ताण त्याच बाजूच्या खुंट्यांवर येतो, एक दिवस कट्‌ आवाज होतो आणि नट मुळासकट उपटून येतो. त्यानंतरही लॅपटॉप उघडत-मिटत राहिला तर पडद्याकडे जाणारी वायर चिमटते आणि पडदाही जातो. मी एपॉक्सी भरून ते नट परत बसवतो, कधी पूर्ण पॅनल बदलावं लागतं. लवकर आणलं तर दीड हजारात भागतं, पडदा गेल्यावर आणलं तर आठ-नऊ हजार.

दुकानात हे तपासता येतं. लॅपटॉप टेबलावर ठेवून एका हाताने, मधोमध धरून उघडा. खालचा भाग सगळाच वर उचलला गेला तर बिजागरी फार कडक आहे, तिचा ताण प्लॅस्टिकवर जाणार. पडदा अर्धा उघडून टेबलाला हलका धक्का द्या, पडदा डुलत राहिला तर बिजागरी ढिली आहे. कीबोर्डच्या मधोमध अंगठ्याने दाबा. तिथे ताट दाबल्यासारखं खाली गेलं तर खालचा सांगाडा कमजोर आहे. ही तीन मिनिटं खर्च करा. आणि मुलीला घरीच सवय लावा, पडदा मधोमध धरूनच उघडायचा.

पडदा फुल एचडी हवा, त्याहून जास्त नको, कमी अजिबात नको. पांढरं पान उघडा आणि पडदा मागे-पुढे कलवा. रंग पलटले, करडे झाले तर तो टीएन जातीचा आहे, सोडून द्या. आयपीएस घ्या. उजेड ३०० निट्स असेल तर उत्तम, २५० वर खोलीत चालतं पण खिडकीशी बसून वाचता येत नाही. आकार मी १४ इंच सुचवेन, वजन दीड किलोच्या आत-बाहेर. हॉस्टेलमधून बसने कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या पाठीवर ते रोज असणार आहे. कीबोर्डला दिवा हवा. ऐकायला चैनीचं वाटतं, पण तिघींच्या खोलीत दोघी झोपल्या की ट्यूबलाइट बंद होते आणि हिचं सबमिशन उद्यावर असतं. चार्जिंग टाइप-सीवर होत असेल तर त्याला माझ्याकडून वेगळा गुण. गोल पिनचं सॉकेट ढिलं होऊन माझ्याकडे येणाऱ्या मशीनची रांग संपत नाही. टाइप-सी असलं की ६५ वॅटचा चार्जर कुठेही मिळतो आणि मैत्रिणीचाही चालतो.

घ्यायचा कुठून, यात माझं मत ठाम आहे. ऑनलाइन घ्या, दुकानातून घ्या, पण त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुण्यात मुलीला जाता येईल अशा ठिकाणी आहे का, हे आधी बघा. तालुक्यात ओळखीचा दुकानदार आहे म्हणून घ्याल, पण बिघडेल तेव्हा मशीन पुण्यात असेल. वॉरंटी 'ऑनसाइट' असेल तर माणूस हॉस्टेलवर येतो, 'कॅरी-इन' असेल तर मुलीने न्यायचं. पडझड आणि पाणी सांडणं साध्या वॉरंटीत येत नाही. त्याचं वेगळं संरक्षण मिळतं, ते खरेदीनंतर ठरावीक मुदतीतच घेता येतं. हॉस्टेलच्या मुलांसाठी ते पैसे वाया जात नाहीत. माझ्याकडचे चहा सांडलेले बोर्ड मोजले तर तुम्हीही तेच म्हणाल. बिल जीएसटीचं पक्कं घ्या, मुलीच्या नावाने, आणि बिलावरचा सिरीयल नंबर मशीनच्या पोटावरच्या नंबराशी तिथेच जुळवा. मग तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून धरलीय तेही बघा. तारीख मागची दिसली तर बिल दाखवून दुरुस्त करून मिळते. शैक्षणिक कर्ज काढलं असेल तर बँकेत विचारा, अभ्यासाला लागणारा कॉम्प्युटर त्या कर्जाच्या खर्चात धरता येतो. तिथेही हेच बिल लागतं.

यापुढचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला कुठल्याच दुकानात कुणी सांगताना दिसलं नाही. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागतो. दुकानदार घाईत स्वतःच्याच ईमेलवर सेटअप करून देतो, ग्राहकाला वाटतं किती मदत केली. हल्लीच्या विंडोजमध्ये त्या खात्याने लॉग-इन झालं की बहुतेक नव्या मशीनची डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची ४८ अंकी किल्ली त्याच खात्यात जाऊन बसते. एक मुलगी माझ्याकडे रडत आली होती, तिसऱ्या वर्षाची. रात्री एक अपडेट झालं आणि सकाळी निळ्या पडद्यावर ४८ अंक मागायला लागलं. प्रोजेक्टचा रिपोर्ट आत. ईमेल दुकानदाराचा. त्या दुकानात तोवर दुसरा माणूस बसत होता आणि जुन्या मालकाचा फोन लागत नव्हता. ती डिस्क मी उघडू शकलो नाही. कुणीच उघडू शकलं नसतं, ते कुलूप तसंच बनवलेलं आहे. मला शेवटी मशीन पुसून नव्याने विंडोज टाकावं लागलं. म्हणून पेटी सीलबंदच घरी आणा. मुलीच्या स्वतःच्या ईमेलवर, तिच्या हातानेच सेटअप होऊ द्या. झाल्यावर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ती ४८ अंकी किल्ली तिच्याकडून वहीत लिहून घ्या आणि ती वही घरी, तुमच्या कपाटात ठेवा.

विंडोज बिलातच असलेला लॅपटॉप घ्या. 'डॉस'चा, म्हणजे विंडोज नसलेला लॅपटॉप चार-पाच हजारांनी स्वस्त दाखवतात आणि "आम्ही विंडोज टाकून देतो" म्हणतात. ते चोरीचं असतं, आणि त्याच्याबरोबर काय काय आत येतं ते मी रोज साफ करतो. अँटीव्हायरस विकत घेऊ नका, विंडोजचा स्वतःचा पुरतो. ऑफिस बरेचदा मशीनबरोबर येतं, काही कॉलेजं मुलांना खातं देतात, नाहीतर लिब्रेऑफिस फुकट आहे. लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी, फुकट प्रणाली) शिकायला डिस्कवर वेगळा भाग करायची घाई नको, विंडोजच्या आतच ते चालवायची सोय आहे. १६ जीबीचा तिथेही उपयोग होतो.

तुम्ही वस्तीवर राहता म्हणून एक सांगतो. घरी लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर धातूच्या बॉडीला हात लागून झिणझिण्या आल्या तर मशीन खराब आहे असं समजू नका, आधी अर्थिंग बघा. अ‍ॅडाप्टरच्या आत गाळणीचे छोटे कपॅसिटर असतात, त्यांच्यातून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो आणि अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. अर्थिंगच नसेल तर तुमच्या हातातून जातो. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या बोर्डात बसावा म्हणून जाड पिन कापलेले अ‍ॅडाप्टर मी पाहिलेत. तसं करू नका. घरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालता का, तेवढं बघा.

आत्ताच घ्यावा की पहिलं सेमिस्टर जाऊ द्यावं? पहिलं वर्ष सगळ्या शाखांचं जवळपास सारखंच असतं, कॉलेजच्या लॅबवर भागतं. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये भावही उतरतात. शहरातल्या मुलाला मी थांब म्हणतो. पण तुमच्या मुलीने आजवर घरात कॉम्प्युटर वापरलेला नसेल तर थांबू नका, सीट पक्की झाली की घ्या. तिच्या शेजारी बसणारी मुलं सातवी-आठवीपासून कीबोर्डवर वाढलीत. लॅबमध्ये आठवड्याला दोन तास मिळतात, त्यात एका मशीनवर दोघं. फाइल कुठे सेव्ह झाली, फोल्डर म्हणजे काय, एरर आला की घाबरायचं नाही, हे सगळं शिकायला स्वतःचं मशीन आणि कुणी बघत नसलेली रात्र लागते. हुशार पोरी पहिल्या वर्षी एवढ्यासाठी मागे राहताना मी पाहिल्या आहेत, आणि मशीन हातात आल्यावर तीन महिन्यांत पुढे गेलेल्याही पाहिल्या आहेत.

यंदा बागेने साथ दिली नाही आणि ५५ हजार जड वाटले, तरी मार्ग आहे. कंपन्यांनी भाड्याने वापरून परत केलेले लॅपटॉप पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या जातीचे. त्यांच्या बिजागऱ्या धातूच्या चौकटीत बसवलेल्या असतात, ते मी डोळे झाकून वापरायला देतो. इंटेलचा घ्याल तर आठव्या पिढीच्या आधीचा घेऊ नका, कारण विंडोज ११ त्याच्या आधीच्यांना अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. दहावी-अकरावी पिढी बघा. घेताना कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी'चा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करून मागा. आणि मशीन पूर्ण रिसेट करून, इंटरनेट जोडून तुमच्यासमोर सुरू करायला लावा. त्या वेळी एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिचं लॉग-इन मागितलं तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या ताब्यात नोंदलेलं आहे, तिथेच ठेवून या.

तर तुमच्या दुकानदाराला असं सांगा: आय ५ चालेल पण शेवटी 'एच' हवा, किंवा ७००० च्या मालिकेतला रायझेन ५ ज्याचा तिसरा आकडा ३ किंवा ४ असेल. १६ जीबी, ५१२ एनव्हीएमई, आयपीएस पडदा, विंडोज बिलात. भाव रोज हलतायत म्हणून मी मॉडेलचं नाव देत नाही, खुणा दिल्यात. तो जे दाखवेल त्याच्या चिठ्ठीचा फोटो मला परत पाठवा, मी वाचून देतो. आणि दुकानात मुलीला बरोबर न्या. पाच-दहा मिनिटं तिला त्या कीबोर्डवर काहीही टाइप करू द्या, पडदा तिच्या हाताने उघडू-मिटू द्या, पिशवीत घालून दुकानाच्या दारापर्यंत नेऊन आणू द्या.